सीडी किती वेगाने राइट करावी? वेग, चुका आणि आवाजाचा दर्जा

‘सीडी सावकाश राइट कर, आवाज चांगला येतो.’ हे वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. कोणी चार एक्स म्हणतं, कोणी आठ एक्स, आणि एखादा तर एक एक्सच्या वर जायलाच तयार नसतो. संगणक मात्र समोर ४८ किंवा ५२ असा आकडा दाखवून मोकळा होतो. मग खरं कोणाचं? वेग वाढवला की गाणं बिघडतं का? आणि बिघडत असेल, तर नेमकं काय बिघडतं?

हा प्रश्न आमच्या मंडळापुढे यंदा खराखुरा उभा राहिला. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांच्या काव्यवाचनाची कॅसेट मंडळाच्या कपाटात आहे. सर आता हयात नाहीत. त्यांच्या आवाजातलं दुसरं ध्वनिमुद्रण आमच्या माहितीत नाही. ५२ मिनिटांचं ते वाचन आम्ही संगणकावर उतरवून घेतलं आणि त्याच्या ४० सीडी करायच्या ठरवल्या. लिंक पाठवली असती तर काम एका मिनिटात झालं असतं. पण ज्यांना ते ऐकायचं आहे, ते सरांचे समवयस्क सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या घरी सीडी प्लेअर आहे, कोणाच्या जुन्या गाडीत आहे, आणि सीडी हातात दिलेली त्यांना समजते.

४० प्रती एक एक्सने करायच्या तर ३४ तास ४० मिनिटं लागतील. १६ एक्सने प्रत्येकी पाचेक मिनिटं धरली, तर साडेतीन तासांच्या आत काम उरकेल. बेळगावातले आमच्या ओळखीचे साउंडवाले काका म्हणाले, “बाळ, घाई करू नको. सावकाश राइट कर, आवाज भरीव येतोय बघ.” काकांचा अनुभव चाळीस वर्षांचा, त्यामुळे त्यांचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी साहित्याची विद्यार्थिनी असले, तरी या निमित्ताने हा विषय मुळापासून समजून घेतला. तोच इथे पाठासारखा मांडते.

१. सीडीवर असतं तरी काय?

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली ठरवले. त्या नियमपुस्तकाला ‘रेड बुक’ म्हणतात. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. आपण घरी राइट करतो त्या कोऱ्या सीडीचे, म्हणजे सीडी-आरचे, नियम ‘ऑरेंज बुक’मध्ये १९९० साली आले.

कॅसेटवर आवाजाची लाट चुंबकीय रूपात जशीच्या तशी उतरते. सीडीवर लाट नसते, फक्त आकडे असतात. दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा व उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे १,७६,४०० बाइट. सीडी प्लेअरचं काम इतकंच, की हे आकडे क्रमाने वाचायचे आणि त्यांचा पुन्हा आवाज करायचा.

ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. सीडीवर ‘गोडवा’ नावाची वेगळी वस्तू नसते. तिथे आकडे असतात. ते बरोबर वाचले जातात किंवा चुकीचे वाचले जातात.

२. ‘एक्स’ म्हणजे किती?

एक एक्स म्हणजे गाणं वाजतं तोच वेग. ५२ मिनिटांचं वाचन एक एक्सने लिहायला ५२ मिनिटं लागतात, चार एक्सने १३, आठ एक्सने साडेसहा. शिवाय सीडीच्या सुरुवातीची आणि शेवटची नोंद लिहायला थोडा वेळ जातो, तो वेगळा.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि आतून बाहेरच वाचली जाते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. वाजताना सुई, म्हणजे इथे लेझर, सेकंदाला साधारण १.२ ते १.४ मीटर अंतर कापते. आतलं वर्तुळ लहान, म्हणून चकतीला तिथे मिनिटाला सुमारे ५०० फेरे घ्यावे लागतात. बाहेर वर्तुळ मोठं, तिथे सुमारे २०० पुरतात.

आता ५२ एक्सचा हिशेब करा. बाहेरच्या कडेला २०० गुणिले ५२, म्हणजे मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे. आतल्या बाजूला याच हिशेबाने २६,००० फेरे लागले असते. एवढ्या वेगात प्लॅस्टिकची चकती टिकणार नाही. म्हणून वेगवान ड्राइव्ह फेऱ्यांची गती कायम ठेवतात. मग ४८ एक्सचा ड्राइव्ह आतल्या बाजूला जेमतेम २० एक्सने सुरू होतो आणि सीडी पूर्ण भरत आली, की अगदी कडेला ४८ गाठतो. अर्धीच सीडी भरायची असेल तर ४८ हा आकडा कधी येतच नाही! खोक्यावर छापलेला वेग हा शेवटच्या वळणावरचा वेग असतो.

३. राइट होताना काय घडतं?

कंपनीत छापलेल्या सीडीवर खरोखरचे खळगे असतात. सीडी-आरवर मात्र सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. सायनिन, थॅलोसायनिन, अ‍ॅझो अशी या रंगद्रव्यांची नावं. सीडीची मागची बाजू कधी हिरवट, कधी सोनेरी, कधी निळी दिसते, त्याला हा थर बऱ्याच अंशी कारणीभूत असतो. लेझरने तो ठरावीक जागी तापवला, की त्या जागेचं परावर्तन कमी होतं. वाचणाऱ्या लेझरला तो खळग्यासारखाच भासतो.

या खुणांची लांबी नेमकी असावी लागते, कारण लांबीतच माहिती असते. सर्वांत छोटी खूण सुमारे ०.८३ मायक्रॉन, सर्वांत मोठी तीन मायक्रॉनहून किंचित जास्त. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागापेक्षाही छोटी खूण! एक एक्सच्या वेगाला ही छोटी खूण उमटवायला लेझरला सुमारे ६९४ नॅनोसेकंद मिळतात. ४८ एक्सला मिळतात साधारण १४. एवढ्या अवधीत लेझर पेटवायचा, रंगद्रव्य तापवायचं आणि लेझर विझवायचा.

इथे वेगाचा संबंध खरोखर येतो. वेळ कमी म्हणून लेझरची ताकद वाढवावी लागते. ताकद थोडी जास्त झाली, की खुणेची कड पसरते. थोडी कमी झाली, की खूण फिकी राहते. शिवाय दहा हजार फेऱ्यांच्या गतीला चकती किंचित जरी असमतोल असली, तरी थरथरते आणि लेझरचा नेम हलतो. सीडीच्या बाहेरच्या भागात, म्हणजे शेवटच्या गाण्यांत, चुका जास्त सापडण्याचं हे एक कारण आहे.

म्हणजे काकांचं बोलणं अगदीच निराधार नाही. वेगाचा परिणाम खुणांच्या रेखीवपणावर होतो. प्रश्न एवढाच, की तो कानापर्यंत पोचतो का?

४. चुका होतात, मग ऐकू का येत नाहीत?

सीडी बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून एक गोष्ट गृहीत धरली होती: चुका होणारच. धूळ बसेल, ओरखडा उठेल, बोट लागेल. म्हणून त्यांनी चूक-दुरुस्तीची सोय सीडीतच करून ठेवली. तिला थोडक्यात ‘सर्क’ म्हणतात. दर २४ बाइट आवाजामागे ८ बाइट निव्वळ पडताळणीसाठी लिहिले जातात.

हे कसं चालतं, ते किराणा दुकानाच्या बिलावरून समजेल. तांदूळ ४० रुपये, डाळ २५ रुपये, साखरेचा आकडा पाण्याने पुसला गेला, पण खाली एकूण १०० लिहिलं आहे. साखर किती रुपयांची? ३५. आपण अंदाज केला नाही, आपण हिशेबाने नेमका आकडा परत मिळवला. ‘एकूण’ हा आकडा बिलात जास्तीचा असतो, पण तोच हरवलेला आकडा परत देतो. सीडीवरचं गणित याहून पुष्कळ अवघड आहे, तत्त्व मात्र हेच.

दुसरी युक्ती विखुरण्याची. एका क्षणाचा आवाज सीडीवर एकाच जागी लिहीत नाहीत, तो शंभराहून जास्त तुकड्यांमध्ये वाटून टाकतात. समजा, एका कवितेची अक्षरं शंभर पानांवर थोडी थोडी लिहिली. त्यातलं एक पान फाटलं, तर कवितेतलं एखादंच अक्षर जाईल आणि ते आपण भरून काढू. सगळी कविता एकाच पानावर असती, तर कविताच गेली असती. या दोन युक्त्यांमुळे खुणांच्या वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटरचा पट्टा सलग खराब झाला, तरी सगळे आकडे जसेच्या तसे परत मिळू शकतात.

सीडी वाचताना सेकंदाला ७,३५० गट वाचले जातात. त्यातल्या २२० गटांपर्यंत चूक असली, तरी रेड बुकच्या नियमाने ती सीडी चांगली समजली जाते. म्हणजे दुकानातून आणलेली नवी कोरी मूळ सीडीसुद्धा चुकांशिवाय नसते. त्या दुरुस्त होतात, म्हणून आपल्याला कळत नाहीत.

आता महत्त्वाचं. दुरुस्ती झाली, की मिळणारा आकडा ‘जवळपास बरोबर’ नसतो, तो अगदी बरोबर असतो. १६ एक्सची प्रत आणि ४८ एक्सची प्रत, दोन्हींच्या चुका पूर्ण दुरुस्त होत असतील, तर दोन्हींतून निघणारे आकडे एकच आणि आवाजही एकच. खुणांची कड थोडी पुढेमागे असली, म्हणून ताल हलतो असंही नाही. प्लेअर आकडे आधी छोट्याशा स्मृतीत जमा करतो आणि क्वार्ट्‌झच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडतो.

चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या तर? प्लेअर मागचा आणि पुढचा नमुना पाहून मधला अंदाजाने भरतो. तेही जमलं नाही, तर क्षणभर गप्प बसतो. आपल्याला ऐकू येतं ते ‘टक्’, करकर, अडखळणं किंवा एकदम शांतता. खर्ज पातळ होणं, आवाजाचा भरीवपणा जाणं, असं ऐकू येत नाही. खर्ज तेवढा वेचून काढेल अशी चूक सीडीवर होतच नाही. कॅसेट हळूहळू म्हातारी होते. सीडी मात्र ठणठणीत चालते आणि मग एके दिवशी ठेचकाळते.

५. मग हा समज आला कुठून?

माझ्या मते तीन जागांहून.

पहिली जागा म्हणजे कॅसेट. दोन कप्प्यांच्या डेकवर ‘हाय स्पीड डबिंग’चं बटण असायचं. दुप्पट वेगाने कॅसेट भरली, की झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ची धार बोथट व्हायची. कारण दुप्पट वेगात १२ हजार कंपनांचा आवाज २४ हजारांचा होतो, आणि तेवढं टिपणं त्या यंत्रणेला झेपत नाही. तिथे ‘सावकाश म्हणजे चांगलं’ हा नियम शंभर टक्के खरा होता. काकांची पिढी त्याच नियमावर तयार झाली. कॅसेट गेली, नियम मात्र सीडीवर आला.

दुसरी जागा म्हणजे जुने संगणक. राइट करताना संगणकाने आकडे अखंड पुरवावे लागतात. १९९०च्या दशकातले संगणक मध्येच दमायचे, पुरवठा तुटायचा आणि सीडी वाया जायची. तिचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवायला. म्हणून तेव्हा ‘चार एक्सच्या वर जाऊ नका, राइट होताना माउसला हात लावू नका’ असं सांगत, आणि ते योग्यच होतं. २०००च्या सुमारास सान्योने ‘बर्न-प्रूफ’ नावाची सोय आणली. पुरवठा तुटला, तर लेझर थांबतो आणि नंतर त्याच जागेवरून पुढे लिहितो. इतरांनीही तशाच सोयी आणल्या, आणि ती भीती संपली.

तिसरी जागा म्हणजे जुने प्लेअर. सीडी-आरचं परावर्तन छापील सीडीपेक्षा थोडं कमी असतं. थकलेल्या लेझरच्या प्लेअरला ती वाचताना आधीच कष्ट पडतात. त्यात खुणा फिक्या असल्या, तर तो अडखळतो. तीच गाणी मध्यम वेगाने राइट केली, की बरी वाजतात. हा अनुभव खराच आहे, फक्त त्याचा अर्थ ‘आवाज गोड झाला’ असा नाही. अर्थ असा, की वाचणं सोपं झालं.

६. अति घाई नको, अति सावकाशही नको

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग ५२ एक्सलाच राइट करू. तसंही नको. दुरुस्तीची ताकद ही बँकेतल्या शिल्लकेसारखी आहे. राइट करतानाच ती खर्च करून टाकली, तर उद्याच्या ओरखड्यांसाठी, धुळीसाठी, रंगद्रव्य जुनं होण्यासाठी काही उरत नाही. आज आपल्या संगणकावर स्वच्छ वाजणारी प्रत पाच वर्षांनी सरांच्या मित्राच्या गाडीत वाजली पाहिजे. वेग आवाज ठरवत नाही, तो ही शिल्लक ठरवतो. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

उलट टोकही धोक्याचंच. अलीकडच्या कोऱ्या सीडींचं रंगद्रव्य जास्त वेगासाठी बनवलेलं असतं, ते चटकन तापतं. त्यावर लेझर फार रेंगाळला, तर उष्णता आजूबाजूला पसरते आणि खुणेची कड बिघडते. जुन्या सीडीला जे मानवत होतं, ते नव्या सीडीला मानवेलच असं नाही. अनेक नवे ड्राइव्ह तर आठ किंवा सोळा एक्सच्या खाली जातच नाहीत. तुम्ही एक एक्स निवडलं, तरी ड्राइव्ह स्वतःला जमेल त्याच वेगाने लिहितो.

म्हणून साधा नियम असा: सीडीवर छापलेल्या कमाल वेगाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी थांबा. ५२ एक्सची सीडी असेल, तर १६ किंवा २४. आम्ही १६ निवडला.

७. दर्जा खरा जातो कुठे?

वेगावर तासभर वाद घालणारे आपण दुसऱ्या गोष्टींकडे बघतच नाही. आवाजाचं खरं नुकसान बहुतेक वेळा सीडी ड्राइव्हमध्ये जाण्याआधीच झालेलं असतं.

मूळ फाइल कोणती आहे, हे आधी पाहा. १२८ किलोबिटची एमपी-थ्री म्हणजे मूळ आकड्यांचा अकरावा हिस्सा. सॉफ्टवेअर ती उलगडून सीडीवर पूर्ण आकाराची करतं, पण गेलेलं परत येत नाही. पातळ ताकात पाणी घालून तांब्या भरला, म्हणून ताक दाट होत नाही. शक्य असेल तिथे वेव्ह किंवा फ्लॅक फाइलवरूनच सीडी करा.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. कॅसेटवरून उतरवताना पातळी जास्त ठेवली, तर वरची टोकं छाटली जातात आणि आवाज फाटतो. हे मात्र तुम्हाला नक्की ऐकू येईल. तिसरी गोष्ट, मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर केलेलं मुद्रण बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचं असतं. ते ४४,१०० वर आणण्याचं काम चांगल्या सॉफ्टवेअरने करा.

चौथी गोष्ट गाण्यांमधल्या मोकळ्या जागेची. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’ पद्धतीत दोन ट्रॅकमध्ये साधारण दोन सेकंदांची शांतता येते. सलग चालणाऱ्या भजनात, नाताळच्या गीतमालिकेत किंवा टाळ्यांसह केलेल्या मुद्रणात ती खटकते. तिथे ‘डिस्क-ॲट-वन्स’ निवडा.

८. आम्ही ठरवलेली पद्धत

१) कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल आधी दोन वेगळ्या जागी जतन करायची. सीडी ही वाटण्यासाठीची प्रत आहे, एकमेव साठा नव्हे.

२) ‘ऑडिओ सीडी’ हाच प्रकार निवडायचा. फाइली नुसत्या ओढून टाकल्या, तर ती डेटा सीडी होते आणि जुना प्लेअर ती वाजवत नाही.

३) पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू वापरायची नाही. तिचं परावर्तन फारच कमी असतं, आणि पुष्कळ जुने प्लेअर ती ओळखत नाहीत.

४) वेग १६ एक्स, पद्धत डिस्क-ॲट-वन्स, आणि शेवटी डिस्क ‘फायनलाइझ’ करायची. तसं न केलेली सीडी साध्या प्लेअरवर चालत नाही.

५) आधी एकच प्रत करायची आणि ती घरातल्या सर्वांत जुन्या, कुरकुर करणाऱ्या प्लेअरवर वाजवायची. शेवटचा ट्रॅक आवर्जून ऐकायचा, कारण तो कडेच्या बाजूला असतो.

६) कागदी लेबल चिकटवायचं नाही. ते वाकडं बसलं, तर चकतीचा तोल जातो. वरच्या बाजूला बॉलपेनही टेकवायचं नाही. परावर्तक थर त्याच बाजूला, पातळ आवरणाच्या लगेच खाली असतो. मऊ टोकाचं, सीडीसाठी मिळतं ते मार्कर पेन वापरायचं.

७) सीडी उन्हात ठेवायची नाही. आणि बेळगावच्या पावसाळ्यात डब्यात, कोरड्या कपाटात ठेवायची.

९. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात काय?

‘प्रत’ हा शब्द आपल्याला नवा नाही. छपाई नव्हती, तेव्हा आपलं सगळं साहित्य हाताने उतरवलेल्या प्रतींवर जगलं. प्रती होता होता पाठभेद शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती उगाच नव्हे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, पण त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आज आपण ते वाचतो, ते कोणीतरी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांच्या आधारावर.

पोथी उतरवणारा लेखनिक किती सावकाश लिहितो, यावर प्रतीची शुद्धता ठरत नाही. उतरवून झाल्यावर तो मूळ पोथी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतो का, यावर ठरते. सीडीचंही तसंच आहे. ‘मी एक एक्सने राइट केली’ ही शुद्धतेची खूण नव्हे. ‘मी वाचून ताडून पाहिली’ ही खूण. वेगाची काळजी करण्यात आपला जो वेळ जातो, त्याचा निम्मा वेळ पडताळणीला दिला, तर प्रती पुष्कळ चांगल्या होतील.

१०. स्वाध्याय: स्वतः करून पाहा

एकाच वेव्ह फाइलच्या दोन सीडी करा, एक १६ एक्सने आणि एक ४८ एक्सने. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या सॉफ्टवेअरने दोन्हींवरचा आवाज परत संगणकावर घ्या. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत एकाखाली एक उघडा. ड्राइव्हच्या सवयीमुळे त्या मूळ फाइलच्या मानाने थोड्या पुढेमागे सरकलेल्या असू शकतात. दोन्हींची सुरुवात नमुन्याला नमुना जुळवून घ्या. मग एक फाइल उलटी करा, म्हणजे ‘इन्व्हर्ट’, आणि दोन्हींची बेरीज करा. आकडे सारखे असतील, तर दोन्ही एकमेकांना खोडतील आणि मागे फक्त सपाट रेषा उरेल. आम्ही हे केलं, तेव्हा सपाट रेषाच उरली. तुमच्याकडे रेषेवर काटे दिसले, तर ते कुठे आहेत ते बघा. बहुधा शेवटाकडे असतील.

दुसरा प्रयोग कानांचा. त्याच दोन सीडींवर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. कोणती कुठल्या वेगाची, हे दुसऱ्या कोणालातरी ठरवू द्या आणि तुम्ही दहा वेळा ओळखून पाहा. पाचएक वेळा बरोबर येणं म्हणजे नाणं उडवण्यासारखंच आहे, हे लक्षात असू द्या.

आणि तुमच्या घरी कोणाच्या आवाजाची एखादी कॅसेट पडून असेल, आजीच्या ओव्या असतील, वडिलांचं भाषण असेल, तर वेग कोणता या विचारात आणखी एक पावसाळा घालवू नका. फीत जुनी होते आहे. आधी ती उतरवून घ्या. प्रती सोळा एक्सनेही छान होतात.